कागदी खजिना : इस्त्री केलेला शेतकरी

मागच्या अंकात माझ्याकडच्या जुन्या फ्रेंच नोटांबद्दल दोन पानं लिहिली आणि पोस्टमनचं काम वाढवून ठेवलं. निम्म्या पत्रांत प्रश्न एकच : "ताई, हिचे किती येतील?" मी चौतीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर काढली. लोक मला पैशांची किंमत विचारतात याची सवय आहे. पण पाठवलेल्या फोटोंत नोटेची पुढची बाजू असते, मागची नसते. कडा कापलेल्या असतात. आणि एका गृहस्थांनी तर नोट जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून फोटो काढलाय, वरणाच्या वाटीसकट. यापुढे दोन्ही बाजू, चारही कोपरे आणि एक फोटो उजेडासमोर धरून. मग बोलू.

"शंभर फ्रँकची तरुण शेतकऱ्याच्या चित्राची नोट ऑनलाइन घेतली. फार मळकी होती, म्हणून कोमट पाण्यात थोडी साबणाची पूड टाकून दहा मिनिटं ठेवली, पंच्यावर वाळवली आणि वर सुती कापड घालून हलकी इस्त्री फिरवली. आता कोरी दिसते. किंमत किती वाढेल? डावीकडे बारीक भोकं आहेत, तीही बुजवता येतील का?" (ठाणे)

वाढायची राहू दे, होती तीही निम्म्याने गेली. रागावू नका, मी यापेक्षा मोठा गाढवपणा केलेला आहे, तो पुढे सांगते.

ही शेतकऱ्याची नोट १९४५ ते १९५४ या काळात छापली गेली आणि भरपूर छापली गेली. त्यामुळे वापरलेली नोट फ्रान्समध्ये आजही किरकोळ पैशांत मिळते. तिच्यात जी काही किंमत असते ती कागदाच्या जिवंतपणात. नवी नोट दोन बोटांत धरून हलवली की करकर वाजते. काउंटरवर आम्ही खोटी नोट आधी कानाने पकडायचो, डोळ्याने नंतर. धुतलेली नोट वाजत नाही, धुतलेल्या मलमलीसारखी लोंबते. टेबलावरचा दिवा अगदी आडवा धरून पाहा : कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतील, आणि इस्त्रीने गेल्या असं वाटलेल्या घड्या तिथेच असतील, फक्त चपट्या झालेल्या. जाणकार विक्रेता हे पाच सेकंदांत ओळखतो.

भोकांचं मात्र मनावर घेऊ नका. ती फ्रेंच नोटेची जन्मखूणच म्हणा. फ्रान्सच्या बँकांत नोटांच्या गठ्ठ्यांना चक्क टाचणी टोचायची पद्धत होती. एक नोट जितक्या वेळा बँकेत जाऊन आली तितकी भोकं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं, कारण आपण काय वेगळं करत होतो? शंभर नोटांच्या पॅकेटला मी स्वतः जाड पिना मारल्यात, आणि त्या उचकटताना नखंही तोडलीत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये ते बंद करायला लावलं, मग कागदी पट्ट्या आल्या. म्हणून मोठ्या आकाराच्या जुन्या फ्रेंच नोटेला एकही भोक नसेल तर ती महाग. पण भोक आहे म्हणून कुणी नाक मुरडत नाही. बुजवलेलं भोक मात्र दुरुस्ती ठरतं, आणि दुरुस्ती सांगितली नाही तर ती फसवणूक.

आता माझा गाढवपणा. १९९६ साली एका ओळखीच्यांनी पॅरिसहून मला शंभर फ्रँकची मेर्सोंची नोट आणून दिली. ल्यूक-ऑलिव्हिए मेर्सों या चित्रकाराने काढलेली ही नोट १९०८ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत छापली गेली. रंग असे की नोट आहे की देवघरातली तसबीर, असं वाटावं. समासात पेन्सिलीने कुणीतरी एक आकडा लिहिला होता. बहुतेक कुठल्यातरी फ्रेंच कॅशियरनेच मोजताना. मी मऊ खोडरबर घेतला. आकडा गेला आणि त्याबरोबर नखाएवढा निळा रंगही गेला. ती नोट आजही माझ्याकडे आहे. विकायला काढली तर कुणी घेणार नाही म्हणून नव्हे, बरं का. मला ती समोर हवी असते म्हणून.

"सांगलीच्या एका प्रदर्शनात फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली नोट बघितली. विक्रेता चाळीस हजार म्हणाला, 'सव्वादोनशे वर्षं जुनी, हाताने सही केलेली.' घ्यावी का?" (मिरज)

त्या कागदाला असिन्या म्हणतात. १७८९ च्या नोव्हेंबरात क्रांतिकारी सभेने चर्चच्या जमिनी सरकारजमा केल्या आणि त्या जमिनींच्या भरवशावर हे कागद काढले. सुरुवातीला ते व्याज देणारे रोखे होते, मग पैसा झाले, आणि मग सरकारला छापायची चटक लागली. शेवटी आकडा पंचेचाळीस अब्जांच्या घरात गेला. १९ फेब्रुवारी १७९६ ला पॅरिसच्या प्लास व्हाँदोम या चौकात छपाईची साधनं जाहीरपणे जाळून हा खेळ संपवला. इतक्या प्रमाणात छापलेली वस्तू सव्वादोनशे वर्षं जुनी असली तरी दुर्मीळ कुठून होणार? तेव्हाच्या फ्रेंच पैशातले दहा सू, पंधरा सोल, पन्नास सोल, पाच लिव्र हे छोटे तुकडे युरोपात पाच ते वीस युरोंत सर्रास मिळतात. माझा पहिला दहा सू मी पॅरिसच्या र्यू व्हिव्हिएनवर घेतला. शेअर बाजाराच्या जुन्या इमारतीजवळची ही गल्ली नाणी-नोटांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तो तुकडा दारापाशी ठेवलेल्या खोक्यात होता, रविवारच्या जुन्या बाजारात सुट्टे स्क्रू असतात तसा.

आणि "हाताने सही" हे प्रकरण. दहा सूच्या तुकड्यावर गुयों अशी जी सही असते ती छापील आहे. भिंग घ्या : शाईची रेघ सगळीकडे सारखी, कुठेही टाक अडखळलेला नाही. खरा असिन्या ओळखायचा तो कागदाने आणि उठावाच्या शिक्क्याने. या शिक्क्याला शाई नसते, कागद नुसता दाबलेला असतो, आणि तो तिरक्या उजेडातच दिसतो. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या केलेल्या नकलांवर तो नसतो, किंवा चित्र म्हणून छापलेला असतो. त्याच तुकड्यांवर दोन वाक्यं असतात, ती मला फार आवडतात : बनावट नोट करणाऱ्याला कायदा देहदंड देतो; खबर देणाऱ्याला राष्ट्र बक्षीस देतं. आमच्या काउंटरमागे अशी पाटी असती तर रांग जरा शिस्तीत राहिली असती.

मोठ्या रकमेचे काही असिन्या खरोखर महाग असतात. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत पन्नास सोल स्पष्ट वाचता येतं. चाळीस हजार वाचवा.

"नेपोलियनच्या चित्राच्या दोन सारख्याच नोटा आहेत. एकीवर दहा हजार फ्रँक, दुसरीवर शंभर. खरी कोणती?" (कोल्हापूर)

दोन्ही खऱ्या असू शकतात. १ जानेवारी १९६० पासून फ्रान्सने शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक केला. आपल्याकडे १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आजीचा जो गोंधळ झाला, तोच तिकडे झाला असणार. चित्र तेच ठेवून दोन शून्यं काढली. मधल्या काळात जुन्या नोटेवर नव्या किमतीचा छाप मारूनही चालवल्या. तशी तुमच्याकडे असेल तर ती या दोघींपेक्षा जपा.

बाकी शंभर नव्या फ्रँकांची तुमची नोट खोटी निघाली तर पेढे वाटा. चेस्लाव बोयार्स्की नावाच्या पोलिश इंजिनियरने घरात बसून, एकट्याने, कागदापासून सगळं स्वतः करत या नोटेची अशी नक्कल केली की बँकवालेही फसले. जानेवारी १९६४ ला तो पकडला गेला. त्याच्या हातच्या खोट्या नोटा आज लिलावात खऱ्या नोटेच्या कितीतरी पट भावाने जातात. कॅशियर म्हणून मला हे पटत नाही. संग्राहक म्हणून एक हवी आहे.

"पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये (लष्कराच्या अभियंता दलात) होते आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले होते. त्यांच्या ट्रंकेत तीन छोट्या फ्रेंच नोटा सापडल्या. दोन मार्सेलच्या, ५० सँतीम आणि १ फ्रँक, १९१४. एक रूआँची ५० सँतीम, १९२०. गावात एक जण म्हणतो लाखात जातील, पुण्यातला दुकानदार तिन्हींचे दोनशे देतो म्हणाला. कुणाचं खरं?" (जि. सातारा)

दुकानदाराचं जास्त खरं, आणि तरी देऊ नका.

आधी या नोटा काय आहेत ते. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि फ्रान्सभर लोकांनी चांदीची नाणी घरात दडपली. पावाला सुट्टे मिळेनात. मग गावोगावच्या व्यापारी मंडळांनी, म्हणजे शाँब्र द कोमेर्सनी, अर्धा (म्हणजे ५० सँतीम), एक, दोन फ्रँकच्या छोट्या नोटा काढल्या. पैसा सरकारचा नव्हे, शहराच्या व्यापाऱ्यांच्या जबाबदारीवर. मार्सेलची नोट मार्सेलच्या परिसरात चालायची. लांबच्या गावात दुकानदार तोंड वाकडं करायचा. शंभराहून जास्त मंडळांनी त्या काढल्या. १९२० नंतर त्यांच्या जागी पितळी रंगाची टोकन-नाणी आली आणि दशकाच्या मध्यापर्यंत कागद मोडीत गेला. त्यामुळे सुट्या नोटेची किंमत काही युरोच आहे.

पण तुमच्या ट्रंकेचं तसं नाही. मार्सेल म्हटलं की आपल्याला १९१० ची सावरकरांची उडी आठवते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९१४ च्या शरद ऋतूत, त्याच बंदरावर हिंदी फौज उतरली. खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या त्यात होत्या, आणि २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यव्ह-शापेल या गावातल्या हल्ल्यात त्यांनी फार माणसं गमावली. पणजोबा त्यांतल्या एखाद्या कंपनीत असतील तर त्या दोन नोटा म्हणजे बंदरावर उतरल्यावर हातात पडलेली मोड. तंबाखू घेतला असेल, फळं घेतली असतील, आणि उरलेली खिशात राहिली. ही मोड परतीच्या प्रवासात फेकून न देता माणदेशापर्यंत कुणी का आणली, हे मला सांगता येणार नाही, पण रोज नोटा मोजलेल्या माझ्या हाताला ती वेगळी लागते.

म्हणून नोटांसोबत त्यांचं पदक, सेवापुस्तक, एखादं पत्र, जे असेल ते एकत्र ठेवा. पदकाच्या कडेवर किंवा पाठीवर नंबर, नाव आणि तुकडी कोरलेली असते. ती वाचून मला कळवा. वेगळं केलंत तर दोनशे रुपयांच्या नोटा आणि भंगारातलं पदक उरेल.

आता तिसरी. रूआँची, १९२० ची. ती पणजोबांनी आणलेली नाही. हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून मेसोपोटेमियाला गेलं, आणि १९२० साली तिथे हिंदी सैनिक उरलेच नव्हते म्हणा. मग ती ट्रंकेत आली कुठून? घरात नंतर कुणी बोटीवर होतं का? कुणा चुलत आजोबांना तिकीट-नाण्यांचा नाद? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा. बाप्यांना अशा गोष्टी माहीत नसतात.

आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्या आजच काढा. कसर लागू नये म्हणून त्या ठेवतात, पण त्यांच्या वाफेने कागद आणि शाई दोन्ही बिघडतात. मऊ प्लास्टिकच्या, वास मारणाऱ्या पाकिटात ठेवू नका. पॉलिएस्टरची कडक, बिनवासाची पाकिटं मिळतात. लॅमिनेशनचा विचार मनात आला तर मला फोन करा, मी रात्री अकरालासुद्धा उचलेन.

"गोव्यात पोर्तुगीज बँकेच्या रुपयांच्या नोटा होत्या, तशा फ्रेंचांच्या आपल्याकडे होत्या का?" (सावंतवाडी)

होत्या. बँक द लँदोशीन ही १८७५ ला पॅरिसमध्ये स्थापन झालेली बँक पाँडिचेरीसाठी 'रूपी' लिहिलेल्या नोटा काढायची. १, ५ आणि ५० च्या नोटा नाव घेण्यासारख्या. १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रेंचांनी कारभार सोडला. भारतातच मागणी असल्याने या नोटा मूळ फ्रान्सच्या नोटांपेक्षा कितीतरी महाग आहेत, आणि म्हणूनच नकलाही इथेच जास्त फिरतात. छंदाच्या पहिल्या वर्षी यांच्या वाटेला जाऊ नका. जुन्या संग्राहकाकडची खरी नोट एकदा हातात घेऊन बघा, मग ठरवा.

"बी.कॉम.ला आहे. महिन्याला पाचशे वाचतात. दहा महिन्यांत पाच हजार होतील. कुठून सुरुवात करू?" (जळगाव)

पाच हजारांची एक नोट घेऊ नकोस. कष्टकऱ्यांचा संच कर. युद्धकाळात फ्रान्सने छोट्या किमतीच्या तीन नोटा काढल्या : पाच फ्रँकवर पिरेनीज डोंगरातला मेंढपाळ, दहावर खाणकामगार, वीसवर कोळी. राजे नाहीत, सेनापती नाहीत. १९४१ ते १९५० च्या दरम्यानच्या या नोटा बऱ्यापैकी वापरलेल्या स्थितीत दोन-तीन युरोंना मिळतात, कोऱ्या दहा-वीस युरोंना. परदेशातून एकेक मागवलीस तर टपालखर्च नोटेपेक्षा जास्त होईल. एकाच विक्रेत्याकडून एकदम घे.

मग त्यांच्यावरची तारीख बघायला शीक. जुन्या फ्रेंच नोटेवर छपाईच्या मंजुरीची पूर्ण तारीख असते, दिवस-महिना-वर्ष. एकाच चित्राची नोट एका तारखेला रद्दीच्या भावात आणि दुसऱ्या तारखेला पन्नासपट, हे होतं. छपाईच्या पहिल्या आणि शेवटच्या महिन्यांतल्या नोटा बहुधा कमी असतात. फ्रेंच संग्राहक फायेत क्रमांकाने बोलतात, बाकी जग पिक क्रमांकाने; हे नोटांच्या दोन छापील सूचींमधले क्रमांक. दोन्ही वहीत लिहून ठेव. सह्यांखालची पदंही वाच. तिसाच्या दशकाच्या शेवटी 'मुख्य रोखपाल' जाऊन 'महारोखपाल' झाला, आणि तेवढ्या बदलावर पाच फ्रँकच्या जांभळ्या नोटेचे दोन वेगळे प्रकार मानतात. पदनामावरून किंमत ठरते हे सरकारी बँकेत काम केलेल्या माणसाला नवीन नाही.

आणि फ्रेंच प्रतवारीला भुलू नकोस. त्यांची सर्वांत वरची पायरी 'नफ', म्हणजे कोरी. मग स्प्लाँदिद, सुपेर्ब, त्रे त्रे बो, त्रे बो, आणि शेवटी बो. 'बो' म्हणजे सुंदर! आणि ती सर्वांत खालची पायरी. 'त्रे बो', अतिसुंदर, म्हणजे घड्या पडलेली, कोपरे झिजलेली, बोटांनी काळी झालेली. लग्नाच्या जाहिरातीत 'गव्हाळ, मनमिळाऊ' वाचताना आपण मनात जी वजाबाकी करतो, तीच इथे कर. नवशिक्याने 'त्रे त्रे बो'च्या खाली उतरू नये, असं माझं मत; स्वस्त पडते म्हणून घेतलेली फाटकी नोट तू पुढे कधीच विकू शकणार नाहीस.

मुंबईला गेलास तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं चलनाचं संग्रहालय बघ. फ्रेंच नोटांसाठी नव्हे, कागदी पैसा कसा बघायचा याची नजर यावी म्हणून.

"१९९८ ला कंपनीच्या कामाने पॅरिसला गेलो होतो. जुन्या पासपोर्टात पाचशे फ्रँकची एक आणि पन्नासच्या दोन नोटा सापडल्या. कुठे बदलून मिळतील?" (नाशिक)

आता कुठेच नाही. युरोच्या नोटा १ जानेवारी २००२ ला आल्या, फ्रँकची नोट बाजारात १७ फेब्रुवारीपर्यंत चालली, आणि पुढे बरोबर दहा वर्षांची मुदत होती. ती २०१२ ला संपली. तुमच्या पाचशेचे तेव्हा ७६ युरो २२ सेंट आले असते. त्या काळात मी परकीय चलनाच्या काउंटरवर होते, आणि मुदत संपल्यावरही लोक गठ्ठे घेऊन यायचे, कपाट आवरताना सापडले म्हणून. मला त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

पण पाचशेवर मेरी आणि पियेर क्युरी आहेत, आणि कोरी असेल तर संग्राहक तिचे जवळजवळ तेवढे पैसे देतात. पासपोर्टात घडी घालून ठेवली असेल तर एवढे नाहीत. पन्नासच्या दोन नोटा मात्र आत्ता भिंग घेऊन बघा. त्यांच्यावर वैमानिक-लेखक सँतेग्झुपेरी आणि त्याचा छोटा राजपुत्र आहे. सुरुवातीच्या छपाईत फ्रान्सच्या बँकेने स्वतःच्याच लेखकाचं नाव चुकवलं : आडनावातल्या मोठ्या 'ई' अक्षरावर नको असलेली तिरकी रेघ दिली. आरडाओरडा झाला, पुढच्या छपाईत ती काढली. लेखकाच्या नावाकडे बघा, 'एक्स'च्या आधीचं अक्षर. रेघ आहे की नाही ते कळवा. माझ्याकडे बिनरेघेच्या चार आहेत, रेघेची एकही नाही.